इंजिन उतरविण्यापूर्वी

आमच्या युनियनच्या कचेरीसमोर १९९४ सालची एक पद्मिनी गाडी उभी आहे. गेटसभांना लाउडस्पीकर नेणे, कोर्टाच्या तारखेला कामगारांना पोहोचविणे, आणि प्रसंगी कारखान्यातील अपघाताची बातमी घेऊन मध्यरात्री कोणाचे दार ठोठावणे, अशी बरीवाईट सर्व कामे तिने आमच्यासाठी केली आहेत. आता तिचे इंजिन तेल पिऊ लागले आहे. पत्रा मात्र धडधाकट आहे. कार्यकारिणीपुढे प्रश्न आला, की ती भंगारात द्यावी की इंजिन पुन्हा एकदा बांधून घ्यावे? तेव्हा एका तरुण सभासदाने तिसराच मार्ग सुचविला. इंजिन काढावे, त्याच्या जागी विजेची मोटर बसवावी, डिकीत बॅटऱ्या ठेवाव्यात आणि गाडी विजेवर चालवावी.

आम्ही शाळा नववीत सोडली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयांच्या बाकांवर आणि कामगारांच्या संगतीत. या शिक्षणाने आम्हांस एक सवय लावली. वेतनकराराच्या वाटाघाटींना बसण्याआधी मागील वीस वर्षांचे करार काढून वाचावयाचे. आपण जी मागणी नवी म्हणून मांडणार असतो ती पुष्कळदा पूर्वी कोणी तरी मांडलेली असते, आणि ती का फसली हेही त्या जुन्या कागदांतच लिहिलेले असते. सभासदांच्या वर्गणीला हात लावण्यापूर्वी या गाडीच्या बाबतीतही आम्ही तेच केले. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

मराठीत आपण गाडीलाही मोटार म्हणतो आणि विजेवर फिरणाऱ्या यंत्रालाही. घोटाळा नको म्हणून या लेखापुरती गाडी ती गाडी, आणि विजेचे यंत्र ते मोटर.

प्रथम या गाडीचे कुलशील सांगितले पाहिजे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून आरंभी अमेरिकन बनावटीच्या गाड्या व ट्रक निघाले, आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन फियाट गाड्या निघू लागल्या. मुंबईकरांनी ज्या गाडीला प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले ती त्यांतलीच. १९६४ पासून फियाट ११०० डी हा नमुना येथे होऊ लागला आणि त्यालाच पुढे १९७४ च्या सुमारास ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. चार सिलिंडरचे १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, मागच्या चाकांना गती आणि सुमारे ९०० किलो वजन. थोड्याफार फरकाने हेच यंत्र २००० सालाच्या आसपासपर्यंत होत राहिले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. आमची गाडी खाजगी नोंदणीची, म्हणून उरली.

आता विजेच्या गाडीकडे वळू. ही कल्पना आजकालची आहे असा सर्वसाधारण समज असतो. आमचाही होता. वस्तुतः विजेची गाडी ही पेट्रोलच्या गाडीहून वयाने वडील आहे. अमेरिकेतील व्हर्मॉन्ट संस्थानात ब्रँडन नावाच्या गावी थॉमस डेव्हनपोर्ट नावाचा एक लोहार होता. त्याने १८३४ साली विद्युच्चुंबकाच्या साह्याने फिरणारी मोटर तयार केली आणि १८३७ साली तिचे पेटंट घेतले. तारेवर वेष्टन घालावयास काही मिळेना तेव्हा त्याच्या बायकोने आपल्या लग्नातील रेशमी पोशाखाच्या पट्ट्या करून दिल्या, असे सांगतात. या लोहाराने छोट्या गोल रुळांवर फिरणारी गाडी करून दाखविली. तथापि त्याच्या हयातीत त्या मोटरला कोणी विचारले नाही, आणि १८५१ साली तो विपन्नावस्थेतच वारला. शाळा फारशी न शिकलेल्या एका कारागिराच्या भट्टीपाशी या इतिहासाचा आरंभ होतो, याचे आम्हांस विशेष वाटले.

दुसरी गोष्ट स्कॉटलंडची आहे आणि ती आम्हां युनियनवाल्यांना अधिक बोचणारी आहे. ॲबर्डीनच्या रॉबर्ट डेव्हिडसन याने ‘गॅल्व्हनी’ नावाचे विजेचे रेल्वे इंजिन तयार केले. १८४२ साली एडिंबरो-ग्लासगो मार्गावर त्याची चाचणी झाली. वेग ताशी चार मैल, म्हणजे माणसाच्या चालण्याइतका. त्याच्या घटांत जस्त खर्ची पडे, आणि ते कोळशाहून कितीतरी महाग. अर्थात धंद्याच्या दृष्टीने हे इंजिन उभे राहणे कठीणच होते. परंतु सांगतात ते असे, की वाफेच्या इंजिनावर पोट असलेल्या रेल्वे कामगारांनी आपली भाकरी जाईल या भयाने ते यंत्र मोडून टाकले. या गोष्टीकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

वीज साठविता आल्यावाचून गाडी स्वतंत्रपणे चालणे शक्य नव्हते. ती सोय १८५९ साली झाली. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल यांची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. १८८१ साली कामिय फोर याने तिच्यात मोठी सुधारणा केली. आणि त्याच वर्षी पॅरिसच्या रस्त्यावर गुस्ताव्ह त्रूव्हे याने विजेवर चालणारी तीनचाकी फिरविली. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील असा, की त्रूव्हेने ती तीनचाकी स्वतः बनविलीच नव्हती. इंग्लंडमध्ये तयार झालेली, पायांनी मारावयाची एक तीनचाकी सायकल त्याने घेतली, तिच्यावर मोटर चढविली, बॅटऱ्या बांधल्या आणि चालविली. अमेरिकेत १८९० च्या सुमारास डी मॉइन गावच्या विल्यम मॉरिसन याने जी प्रसिद्ध विजेची गाडी केली तीही घोड्याच्या बग्गीच्या सांगाड्यावरच. सारांश, दुसऱ्याच्या गाडीत मोटर बसविणे हा या विद्येतील आडमार्ग नसून तिचा राजमार्ग आहे. आमचा तरुण सभासद ज्याला नवी युक्ती म्हणत होता ती १८८१ सालची निघाली!

यानंतरची वीस वर्षे विजेच्या गाडीच्या वैभवाची होती. १८९७ साली लंडनच्या रस्त्यांवर वॉल्टर बर्सी याच्या विजेच्या भाड्याच्या गाड्या धावू लागल्या. मंद गुणगुणण्यावरून लोक त्यांना ‘हमिंगबर्ड’ म्हणत. १८९९ च्या एप्रिलमध्ये कामिय जेनात्झी या बेल्जियन माणसाने ताशी १०५ किलोमीटरहून अधिक वेग गाठला. ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडणारी रस्त्यावरची पहिली गाडी विजेची होती. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या ४,१९२ गाड्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. त्या वर्षी एखाद्या शहाण्या माणसाने पैज मारली असती तर ती पेट्रोलवर खासच मारली नसती.

मग ही गाडी हरली कशाने? तेलकंपन्यांनी कट करून तिला मारले असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आमच्यासारख्या माणसाला असले स्पष्टीकरण ऐकावयास गोड लागते. परंतु त्या पहिल्या पराभवाचे कारण इतके सोपे नाही. ते वजनात आहे. विजेच्या बिलावर आपण ज्याला एक युनिट म्हणतो तेच माप येथे घेऊ. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे बारा युनिट शक्ती असते. इंजिन तिच्यातील तीन चतुर्थांश उष्णतेच्या रूपाने वाया घालविते, असे धरले तरी तीन युनिट कामी येतात. उलट शिशाच्या एक किलो बॅटरीत, आजच्या चांगल्या बॅटरीतसुद्धा, एका युनिटचा तिसावा हिस्सा साठतो. हे अंतर नव्वदपट झाले. बर्सीच्या गाड्यांचे टायर बॅटऱ्यांच्या भाराने झिजत, हादऱ्यांनी आतील पट्ट्या बिघडत, आणि दोन वर्षांत, १८९९ साली, त्या बंद पडल्या.

त्यात परिस्थितीचीही भर पडली. १९०१ साली टेक्सासमध्ये तेलाचा प्रचंड साठा लागला. १९०८ साली फोर्डने ‘मॉडेल टी’ ८५० डॉलरला काढली आणि १९२० नंतरच्या दशकात तिची किंमत तीनशे डॉलरच्याही खाली आणली. पेट्रोलच्या गाडीचा एकच मोठा जाच उरला होता, तो म्हणजे हँडल मारून इंजिन सुरू करणे. हँडल उलटे फिरून माणसांचे हात मोडत. चार्ल्स केटरिंग याने यासाठी विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ साली तो कॅडिलॅक गाडीत आला. म्हणजे विजेच्या गाडीवर शेवटचा घाव घातला तो एका छोट्या विजेच्या मोटरनेच.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. हरली ती बॅटरी. मोटर कधीच हरली नाही. जेथे जेथे वीज तारेवरून मिळाली तेथे तेथे मोटरने मैदान मारले. याचा पुरावा शोधावयास परदेशी जाण्याचे कारण नाही. मुंबईत १८७४ पासून घोडे ओढीत असलेल्या ट्रामी १९०७ साली विजेवर आल्या व ३१ मार्च १९६४ पर्यंत चालल्या. टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ साली मुंबईला वीज येऊ लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची आगगाडी बोरीबंदरहून सुटली ती कुर्ल्यालाच थांबली. ज्या कुर्ल्याला पुढे आमच्या गाडीचा जन्म झाला त्या कुर्ल्याला कितीतरी आधीच विजेच्या वाहनाने पाय लावला होता. आपण गिरणी-कारखान्यांतले लोक शंभर वर्षे विजेच्या वाहनानेच कामावर जातो. फक्त ते रुळांवरून जाते एवढेच.

बॅटरीची गाडी मात्र कोपऱ्यात जगली. इंग्लंडात पहाटे दूध वाटणाऱ्या गाड्या, गोदामांतील माल उचलणाऱ्या गाड्या, असे थोड्या अंतराचे व कमी वेगाचे काम तिच्याकडे राहिले. युद्धानंतरच्या जपानात पेट्रोल मिळेना, तेव्हा विमानाच्या कारखान्यातील तंत्रज्ञ मंडळींनी १९४७ साली ‘तामा’ नावाची विजेची गाडी काढली. ताशी ३५ किलोमीटर वेग आणि एका भरणीत ६५ किलोमीटर पल्ला. बॅटरीची पेटी बाजूने ओढून काढावी आणि दुसरी भरलेली सरकवावी, अशी सोय तिच्यात होती. कोरियाच्या युद्धात शिशाचे भाव चढले व पेट्रोल मिळू लागले, आणि ती गाडीही मावळली.

आता जो भाग येतो तो आमच्या योजनेच्या अगदी जवळचा. १९५९-६० साली अमेरिकेत फ्रेंच रेनो डोफिन गाडीच्या सांगाड्यात मोटर बसवून ‘हेनी किलोवॅट’ नावाची गाडी विकावयास काढली होती. शंभरसुद्धा खपल्या नाहीत. परंतु कारखान्यांनी सोडून दिलेली ही विद्या घरोघरच्या मेकॅनिकांनी उचलली. १९६७ साली कॅलिफोर्नियात अशा हौशी लोकांची ‘इलेक्ट्रिक ऑटो असोसिएशन’ स्थापन झाली. आणि पुढच्याच वर्षी एक मौजेची शर्यत झाली.

कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेत वॉली रिपेल नावाचा विद्यार्थी होता. त्याने १९५८ सालच्या एका फोक्सवॅगन बसमधील इंजिन काढून तीत शिशाच्या बॅटऱ्या आणि मोटर बसविली, आणि अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाच्या एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थ्यांना आव्हान दिले. त्यांनी एक कॉर्व्हेअर गाडी घेऊन तिच्यात निकेल-कॅडमियमच्या महागड्या बॅटऱ्या घातल्या. २६ ऑगस्ट १९६८ रोजी दोन्ही गाड्या आपापल्या गावाहून निघाल्या आणि एकमेकींच्या गावाकडे धावू लागल्या. वाटेत ५४ ठिकाणी वीज भरण्याची सोय केलेली होती. एमआयटीच्या बॅटऱ्या इतक्या तापत की त्यांना बर्फ लावण्याची पाळी येई. शेवटी त्यांची गाडी आधी पोहोचली खरी, परंतु काही अंतर ती दुसऱ्या गाडीने ओढून आणावी लागली होती. त्याचा दंड धरता कॅलटेकची ती जुनी बस सुमारे २१० तासांत, अवघ्या अर्ध्या तासाच्या फरकाने विजयी ठरली. भारी बॅटरीवाले हरले आणि साधी, जड, परंतु ओळखीची शिशाची बॅटरी नीट सांभाळणारे जिंकले. हाच रिपेल पुढे जनरल मोटर्सच्या ‘ईव्ही-१’ या विजेच्या गाडीच्या कामातही होता.

१९७३ साली अरब देशांनी तेल रोखले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तेव्हापासून घरच्या घरी गाडी विजेवर करणाऱ्यांची संख्या वाढली. मोडीत निघालेल्या विमानांचे जनरेटर मोटर म्हणून वापरीत. माल उचलणाऱ्या गाडीची मोटर काढून घेत. गोल्फच्या मैदानावरील गाड्यांच्या सहा-सहा व्होल्टच्या बॅटऱ्या ओळीने जोडीत. या लोकांनी चुका करून जे धडे शिकून ठेवले ते आजही कामास येतात. मोटर व गिअरबॉक्स यांना जोडणारी प्लेट एका केसानेही तिरकी होता कामा नये. भार पुढच्या व मागच्या चाकांवर सारखा वाटला पाहिजे. आणि गाडी हलकी असेल तरच निवडावी. पन्नास किलोमीटरच्या पल्ल्यावर ही मंडळी खूष असत, कारण रोजचे जाणे-येणे त्याहून कमीच असे.

मोठ्या कंपन्या या काळात काय करीत होत्या? १९९० साली कॅलिफोर्नियाने धूर न सोडणाऱ्या गाड्या विकण्याची सक्ती केली, आणि १९९६ साली ‘ईव्ही-१’ रस्त्यावर आली. ती विकीत नसत, भाडेपट्ट्याने देत. सक्ती सैल होताच कंपनीने गाड्या परत घेतल्या आणि त्यांतील बहुतेक चक्काचूर करून टाकल्या. वापरणारे लोक विकत मागत होते तरीही! तेव्हा आधी म्हटल्याप्रमाणे पहिला पराभव वजनाचा होता. हा दुसरा मात्र मालकीच्या हक्काचा होता, आणि त्या प्रकारचा पराभव कामगारांना समजावून सांगावा लागत नाही.

पुढे वजनाचे कोडेही सुटले. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ती छोट्या कॅमेऱ्यांसाठी. या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लॅपटॉपमध्ये वापरले जाणारे असलेच हजारो सेल जोडून २००३ साली कॅलिफोर्नियातील एका लहानशा कारखान्याने गाडी पळवून दाखविली आणि २००८ साली टेस्लाची पहिली गाडी आली. तीही ‘लोटस’ या इंग्रज गाडीच्या बनावटीवर आधारलेली! आपल्याकडे बंगळूरची ‘रेवा’ २००१ सालीच रस्त्यावर आली होती.

इतका इतिहास वाचून झाल्यावर आम्ही आमच्या योजनेचा कागद पुन्हा पुढे घेतला. ३.२ व्होल्टचे, शंभर अँपिअर-तासांचे ४५ लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल ओळीने जोडावयाचे. एकूण १४४ व्होल्ट आणि १४.४ युनिट. त्यांतील ८० टक्के वापरावयाचे म्हणजे साडेअकरा युनिट. शहरात या वजनाच्या गाडीला किलोमीटरमागे १४० वॅट-तास धरले तर पल्ला सुमारे ८० किलोमीटर. आमचे रोजचे फिरणे चाळीसच्या आत आहे. पंधरा अँपिअरच्या घरगुती प्लगवर रात्री पाचसहा तासांत बॅटरी भरेल. खोक्यासकट तिचे वजन सव्वाशे ते दीडशे किलो. आणि इंजिन, रेडिएटर, पेट्रोलची टाकी, सायलेन्सर निघाल्यावर गाडी फारशी जड होणार नाही. हीच शक्ती शिशाच्या बॅटरीत साठवू गेले तर चारशे किलो शिसे वाहावे लागले असते आणि त्यातही निम्मीच शक्ती वापरता आली असती. बर्सीला जे जमले नाही ते आम्हांस जमेल ते आमच्या हुशारीने नव्हे, तर या एका आकड्यामुळे.

परंतु कागदावर आम्ही दोन लाल खुणाही केल्या. पहिली, जिवाची. १४४ व्होल्टचा एकदिश प्रवाह जीव घेऊ शकतो, आणि तोडताना त्याची ठिणगी लांबते, विझत नाही. त्या दाबाला योग्य फ्यूज, आपोआप तोडणारा स्विच आणि हाताने तोडण्याची कडी यांवाचून कोणी हात लावावयाचा नाही. ड्रमचे जुने ब्रेकही आधी नवे करावयाचे. दुसरी खूण कायद्याची. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परवानगीवाचून गाडीत असा बदल करता येत नाही. विजेचे किट एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेने तपासलेले हवे, ते अधिकृत माणसाने बसविलेले हवे आणि आरटीओने नोंदणीपुस्तकात तशी नोंद केली पाहिजे. म्हणजे अमेरिकेतील हौशी लोकांप्रमाणे घराच्या अंगणात सर्व काही करणे आपल्याकडे चालावयाचे नाही. आखणी, उतरविणे, साफसफाई, गंज काढणे घरचे. किट व जोडणी मान्यतेची. याचा खर्च गाडीच्या भंगाराच्या किमतीच्या कितीतरी पट होतो, हेही आम्ही कार्यकारिणीपासून लपविले नाही. आणि आपली बरीचशी वीज अजून कोळशातूनच येते, हेही सांगितले. धूर आमच्या गल्लीतून जाईल; चंद्रपुराकडून जाईलच असे नाही.

हे सर्व झाल्यावर सभेत मागच्या बाकावरून एक वृद्ध मिस्त्री उठले. आमच्या गाडीचे इंजिन त्यांनी दोनदा बांधले आहे. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. ते म्हणाले, “भाऊ, हिशेब तुमचा बरोबर आहे. पण इंजिन काढल्यावर आमच्या हाताला काय राहिलं? युनियनच जर इंजिन भंगारात काढते, तर गॅरेजवाल्या पोरांनी कुणाकडे बघायचं?”

सभा गप्प झाली. आम्हीही. कारण आम्हांस ‘गॅल्व्हनी’ मोडणारे ते रेल्वे कामगार आठवले, आणि त्यांच्यापाठोपाठ आमची स्वतःची एक चूक आठवली. १९९८ साली एका कारखान्यात संगणकावर चालणारी लेथ यंत्रे आली. आम्ही तेव्हा ऐन तारुण्यात होतो आणि त्या कारखान्याच्या कमिटीवर होतो. आमच्या कोणाही टर्नरने त्या यंत्राला हात लावावयाचा नाही, त्याचे शिक्षण घ्यावयाचे नाही, असा ठराव आम्हीच मांडला आणि टाळ्यांच्या गजरात संमत करून घेतला. व्यवस्थापनाला तेच हवे होते. त्यांनी बाहेरून मुले आणली. तीन वर्षांत जुने टर्नर स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सह्या करून घरी गेले. ज्यांचा हात हजाराव्या भागापर्यंत अचूक होता अशी ती माणसे. त्यांतील एकजण पुढे सोसायटीच्या फाटकावर पहारा करताना आम्हांस भेटले. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही, चहा पाजला. तो चहा आजही घशात अडकतो. मालकाचा डाव होता हे खरे. पण तो डाव यशस्वी व्हावा एवढे अज्ञान आम्ही आमच्या ठरावाने त्याला पुरविले.

म्हणून उस्तादांच्या प्रश्नाला “प्रगती कोणाला थांबविता येत नाही” असले पुस्तकी उत्तर देणे आम्हांस शक्य नव्हते. त्यांची भीती खरी आहे. विजेच्या गाडीत तेल बदलणे नाही, प्लग नाहीत, कार्ब्युरेटर नाही, व्हॉल्व्ह घासणे नाही. गॅरेजचे निम्मे काम जाईल. जे उरेल ते कंपनीने मोहोरबंद खोक्यात घातले आणि उघडण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवला, तर मिस्त्रीच्या हाताला खरोखरच पुसण्याचे फडके तेवढे राहील. परंतु जो इतिहास आम्ही वाचला तो काय सांगतो? ही विद्या लोहाराच्या भट्टीत जन्मली, सायकलवर चढली, आणि कारखान्यांनी टाकून दिली तेव्हा गॅरेजांत आणि विद्यार्थ्यांच्या हातांत जगली. ती मुळात मिस्त्रीचीच विद्या आहे. जळालेली मोटर उकलून पुन्हा गुंडाळणारे वायंडिंगवाले आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी बसलेले आहेत. प्लेट केसाइतकीही तिरकी होऊ न देणारा हात जुन्या टर्नरचाच आहे. शिकावयाचे आहे ते बॅटरीचे आणि तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रकाचे. ते शिकण्याचा दरवाजा आपण आतून बंद करून घेतला तर तो बाहेरून कोणीही उघडणार नाही.

आम्ही ठराव बदलून मांडला. गाडी विजेवर करावयाची ती पेट्रोल वाचविण्यासाठी नव्हे. त्या हिशेबाने खर्च लवकर फिटणार नाही. ती करावयाची शाळा म्हणून. प्रत्येक टप्प्याला दहा मिस्त्री व शिकाऊ मुले हजर असतील, किट बसविणाऱ्या अधिकृत कारागिराशी तसा करार आधीच होईल, आणि प्रत्येक जोडणीची आकृती मराठीत काढून कचेरीत लावली जाईल. उतरविलेले इंजिन भंगारात जाणार नाही. ते लाकडी घोडीवर उघडे करून ठेवावयाचे, म्हणजे नव्या मुलांना कळेल की आधीचे लोक काय जाणत होते.

ठरावाला चार मते विरुद्ध पडली. उस्तादांचे त्यांत एक होते. दुसऱ्या दिवशी मात्र ते कचेरीत आले, गाडीचे बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहत राहिले, आणि म्हणाले, “गिअरबॉक्सचं तोंड आधी मोजून घ्या. त्या प्लेटचं काम बाहेर देऊ नका.” पावसाळा संपल्यावर इंजिन उतरवावयाचे ठरले आहे. पहिला बोल्ट त्यांनीच सोडावा अशी विनंती आम्ही केली आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. परंतु पान्यांची पेटी मात्र कचेरीत आणून ठेवली आहे.